तोट्यातला पेंटबॉल

पेंटबॉलच्या स्पर्धा भरवून तुम्ही काय कमावलं, असं कुणी विचारलं की आम्ही चौघंही विषय बदलतो. विषय बदलायचा म्हणजे एखादा किस्सा सांगायचा. असं करता करता किस्से एवढे साठलेत की आता कमाईचं कुणी विचारतच नाही. चहा येईपर्यंत लोक म्हणतात, "तो हळदीचा सांग की."

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दिग्विजयला पुण्यात नोकरी करताना या खेळाचं वेड लागलं. नोकरी सोडून तो सांगलीला आला, वेड मात्र बरोबर घेऊन आला. त्याची बायको मेघना सीएच्या ऑफिसात काम करते, म्हणून ती खजिनदार. आष्ट्याचे सुभेदार काका फौजेतून रिटायर झालेले, घरचा ऊस, ते मुख्य रेफ्री. चौथा मी. माझं कुपवाडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जे विकत घ्यायला परवडत नाही ते मी वेल्डिंग करून द्यायचं, अशी माझी नेमणूक.

खेळ सोपा आहे. हवेच्या दाबावर चालणारी गन, तिच्यात रंग भरलेल्या जिलेटिनच्या गोळ्या. गोळी अंगावर फुटली की गडी बाद. अवघड काय असेल तर ते एवढंच, की प्रत्येक गोळीला पैसे पडतात.

पहिल्या स्पर्धेच्या परवानगीचा अर्ज दिग्याने लिहिला. इंग्रजीत शिकलेला माणूस, मराठी अर्ज म्हटल्यावर थेट मुद्द्यावर आला. 'कुपवाड येथे वीस गन व दहा हजार गोळ्या वापरण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.'

तासाभरात पोलीस ठाण्यातून फोन आला. ताबडतोब या.

आम्ही सुभेदारांना पुढं घातलं. साहेबांनी अर्ज वाचला, आमच्याकडं बघितलं, पुन्हा अर्ज वाचला.

"दहा हजार गोळ्या? लढाई कुणाबरोबर काढलीय?"

"कुपवाड विरुद्ध आष्टा, साहेब," सुभेदार म्हणाले. सावधानमध्ये उभे होते.

मग दिग्याने खिशातून एक गोळी काढली आणि टेबलावरच्या रद्दी पेपरवर फोडून दाखवली. साहेबांनी बोट लावून रंग बघितला.

"केवढ्याला पडते ही?"

"तीन रुपये."

साहेबांनी मनात गुणाकार केला. "म्हणजे तीस हजार नुसते फोडायचे. आणि बक्षीस?"

"पंचवीस हजार."

"मैदान, जाळी, अॅम्ब्युलन्स, मांडव?"

दिग्या टेबलावरचा रद्दी पेपर गोळा करायला लागला. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्या हातात दिला आणि हळू आवाजात विचारलं, "परवानगी दिली. घरी सांगितलंय का पण?"

आता हळदीचं. मैदानात लपायला आडोसे लागतात. हवा भरून उभे करायचे तयार आडोसे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मेघनाने लॅपटॉप बंद केला. ओळखीच्या एका हळद व्यापाऱ्याने जुनी बारदानं फुकट दिली. आम्ही त्यांत वाळू भरली आणि एकावर एक रचून झकास भिंती केल्या. त्याच आठवड्यात मेघनाला स्वस्तात रंगाच्या गोळ्या मिळाल्या. त्या रंगाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून निम्म्या भावात. रंग पिवळा होता.

पहिली मॅच सुरू झाली. पोरं पोत्यांमागं उड्या टाकायला लागली, पोत्यांतनं हळदीची भुकटी उडायला लागली. पाच मिनिटांत दोन्ही टीम एका रंगाच्या.

"मी बाद न्हाई, ही हळद हाय."

"हळद कुठली, मी मारलेली गोळी हाय ती."

सुभेदारांनी मॅच थांबवली. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा वास घेत निघाले. "हळद. हळद. रंग, तू बाहेर. हळद." एकापाशी जरा जास्त वेळ थांबले. "तू दोन्ही हायस. बस खाली."

तेवढ्यात रस्त्याने एक आजी चालल्या होत्या. पिवळीधमक पोरं रांगेत उभी बघून त्या थांबल्या, चप्पल काढली, हात जोडले.

"जेजुरीला निघालाय व्हय रं बाळांनो?"

आणि दिग्याच्या हातावर दहाची नोट ठेवून पुढं गेल्या. त्या स्पर्धेला मिळालेली ती एकमेव देणगी. मेघना पावतीबुक घेऊन त्यांच्यामागं गेली होती, पण आजींनी "देवाला दिल्याल्याची पावती नसती बाई" म्हणून तिलाच परत पाठवली.

स्पॉन्सर हा माणूस मिळवणं म्हणजे लग्नाला स्थळ बघण्यासारखं आहे. आष्ट्यात पंपांची दोन दुकानं समोरासमोर आहेत. मालक सख्खे चुलतभाऊ, पण वाटणीपासून बोलणं बंद. थोरल्याने जर्सीचा खर्च उचलला. अट एकच, दुकानाचं नाव छातीवर, मोठ्या अक्षरात.

जर्सी झाल्या, पण गोळ्यांना पैसे उरले नाहीत. म्हणून सुभेदार आणि मी धाकट्याकडं गेलो. त्याने आधीच ऐकलं होतं.

"भावाचं नाव पोरांच्या छातीवर असणार, मग मी कशाला पैसं घालू?"

आम्ही उठायला लागलो. तेव्हा त्याने सहज विचारलं, "सुभेदार, ह्या गोळ्या मारत्यात कुठं?"

"छातीवर," सुभेदार म्हणाले.

धाकट्याने तिथल्या तिथं चेक फाडला. सगळ्या गोळ्यांचा.

फायनल संपली तेव्हा एकाही जर्सीवरचं नाव वाचता येत नव्हतं. माइकवर दर दहा मिनिटांनी धाकट्याचं नाव घेऊन 'रंगाच्या गोळ्या यांच्या सौजन्याने' चालूच होतं. थोरला खुर्चीवरून उठला. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. तो मेघनापाशी आला आणि म्हणाला, "फुडल्या वर्षाच्या गोळ्या माझ्या. आडव्हान्स आत्ताच घ्या."

तेव्हापासून एक वर्ष जर्सी याची, एक वर्ष त्याची. आता दोघं बोलतात. बोलतात म्हणजे, स्कोअर विचारतात.

आटपाडीची स्पर्धा उन्हाळ्यात घेतली. घेऊ नये. उन्हात या गोळ्या मऊ पडतात, फुगतात आणि गनमध्येच फुटतात. एका खेपेला तसा बराच माल वाया गेला होता, म्हणून सुभेदारांनी शक्कल काढली. त्यांच्या ओळखीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा ठेवतात. तिथं दाराजवळ, जिथं गारवा बेताचा असतो, तिथं आम्ही आमचे खोके ठेवले. भाडं अगदी किरकोळ. मेघना खूश.

सकाळी आटपाडीला मैदानावर पहिला खोका उघडला. आत बेदाणा. दुसरा उघडला, बेदाणा. हिरवा, लांब, एक नंबर माल.

आमच्या गोळ्या कुठं गेल्या हे कळायला वेळ लागला नाही, कारण मार्केटातून फोन आला. बेदाण्याच्या सौद्यात आमचे खोके गेले होते. सौद्याला उभा असलेला व्यापारी जुना, माल न बघता चवीवर दर सांगणारा. बोलता बोलता त्याने खोक्यात हात घातला, हाताला लागलं ते उचललं, तोंडात टाकलं आणि चावलं. ओठ, दात, मिशा सगळं निळं झालं.

"मग?" मेघनाने घाबरून विचारलं. "काही झालं नाही ना त्यांना?"

"तसं काय न्हाई," फोनवरचा हमाल म्हणाला. "चूळ भरली. साल जाड हाय म्हणाले."

तिच्या जिवात जीव आला. मग हमाल म्हणाला, "पर दर लावलाय त्यांनी. द्यायचा का माल?"

इकडं वाट बघून कंटाळलेल्या आटपाडीच्या पोरांनी अर्धा खोका बेदाणा संपवला होता. तो आम्हाला भरून द्यावा लागला.

अॅम्ब्युलन्स मैदानावर हवीच, असा नियम आम्हीच केलेला. भाडं दिवसाचं. पण कुणालाच काही होत नाही आणि गाडी नुसती उभी राहते, हे सुभेदारांना बघवत नसे. एकदा त्यांनी ड्रायव्हरला म्हटलं, "बसून काय करतोस, ये, एक मॅच खेळ." गडी उत्साहाने उतरला, सांडलेल्या रंगावरून घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. त्याच्याच गाडीत घालून दिग्याने त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सुभेदार समाधानाने म्हणाले, "आज भाडं फिटलं."

शेवटचा किस्सा आष्ट्याचा. ऊस तुटून गेलेल्या सुभेदारांच्याच रानात स्पर्धा होती आणि तोटा नेहमीसारखाच होता. मेघनाने तो भरून काढायला एक स्टॉल लावला. पैसे द्या, गोळ्या घ्या, पत्र्याच्या पुतळ्यावर नेम मारा. पुतळा मी बनवलेला. तासभर कुणी फिरकलं नाही.

"पत्र्याला कोण पैसं दील?" सुभेदार म्हणाले. "मी हुबा ऱ्हातो."

त्यांनी जाड जॅकेट घातलं, तोंडाला मास्क बांधला आणि जाळीपलीकडं जाऊन उभे राहिले. लगेच रांग लागली. भाऊबंद, पाणीवाटपात भांडलेले शेजारी, सगळे आले. सुभेदार डावीकडं उजवीकडं अशा हुलकावण्या देत होते की कुणाची गोळी लागेना. लोक हसत होते आणि पुन्हा पैसे देत होते.

तेवढ्यात सुभेदारांच्या बायको, आमच्या काकी, जेवणाचा डबा घेऊन आल्या. मैदानावर त्या कधी येत नसत. काका फौजेत होते तेवढी सगळी वर्षं काकी इथंच. ऊस त्यांनी बघितला, सासू-सासऱ्यांचं त्यांनी केलं, दोन्ही पोरींची लग्नं त्यांनीच जमवली. धाकटीच्या लग्नात काका हळदीच्या संध्याकाळी येऊन पोचले होते.

काकींनी जरा वेळ उभं राहून बघितलं. मग डबा खाली ठेवला.

"कशी दिली गोळी?"

दिग्याने सांगितलं. काकींनी कमरेचा बटवा काढला आणि शंभराची नोट पुढं केली. तो नको म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही. त्याने गन कशी धरायची ते दाखवलं, डोळ्यावर मास्क चढवून दिला.

पहिली गोळी लांबून गेली. दुसरी काकांच्या छातीवर बसली. तिसरीही. मग आमच्या लक्षात आलं की काका हलायचे थांबलेत. हात बाजूला, मान ताठ, नुसते उभे. काकी एकेक गोळी नीट नेम धरून मारत होत्या.

गोळ्या संपल्या. काकींनी गन हलवून बघितली.

"आजून हायत का?"

"आहेत की काकी," दिग्या म्हणाला. "पण पैसे राहू द्या आता."

"फुकाट नगं." त्यांनी बटव्यातली पाचशेची नोट काढून मेघनाच्या हातात दिली. "ह्या सगळ्याच्या भर."

दिग्याने जाळीपलीकडं बघितलं. काका रंगाने भरले होते. मास्कच्या आतून त्यांचा आवाज आला.

"भर रं. मी आता कुठं जात न्हाई."