आत्याबाईंच्या मानेवरचं गोंदण

रझाकार गेल्यावर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझ्या सासूला, आत्याबाईंना, कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. गाठ वाईट आहे, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तशी आम्ही आगगाडीनं हैदराबाद गाठलं. तिथं दवाखान्यात मशीनच्या किरणांचा शेक सुरू झाला. डॉक्टरांनी गाठीभोवती जांभळ्या शाईनं गोल रेघ काढली. शेक त्या रेघेच्या आतच द्यायचा. बाहेर गेला तर चांगलं कातडं भाजेल, आत कमी पडला तर गाठ उरेल, असं त्यांनी मला बजावलं. निम्म्या शेकानं कातडं लाल झालं, म्हणून थोडे दिवस घरी पाठवलं. रेघेला पाणी लावू नका, तेल-हळद तर बिलकुल नको, म्हणाले.

आमच्या पिंपळगावात चैत्राचं ऊन. घामानं रेघ फिकी पडत चालली. आत्याबाई आरशात बघायच्या अन् मलाच बोलायच्या, जशी काही मीच ती पुसून राह्यले होते. एका बाजारच्या दिवशी शेतातून आले, तर त्यांची मान सुजलेली. गोंदणारणीला बोलावून त्यांनी त्या रेघेवरून ठिपके गोंदवून घेतले होते.

"आत्याबाई, डोकं ठिकाणावर हाय का? त्या जागेला सुई लावून घेतली?"

"रेघ पुसली तर डॉक्टर काय अंदाजानं शेकील? मला जाळायचं असंल तर तसं सांग."

मला लई राग आला. राग कसला, भीतीच ती. माझी आई लहानपणी गेली. ह्या बाईनं मला शिव्या देत देत वाढवलं होतं, अन् मला ती हवी होती.

पुन्हा दवाखान्यात गेलो तर डॉक्टर भडकले. शेकलेल्या कातड्याला सुई म्हणजे जखम चिघळायला आवतन, म्हणाले. मी खाली मान घालून ऐकलं. मंग त्यांनी गाठ चाचपली अन् पुन्हा एकदा चाचपली.

"बोट लावून बघ," ते मला म्हणाले.

ठिपके अन् गाठ यांच्यामधी माझं अख्खं बोट बसलं. गाठ आत आत आटत गेली होती.

डॉक्टरांनी ठिपक्यांच्या आत नवी, लहान रेघ काढली. आत्याबाईंनी इचारलं, "ही बी गोंदून घिऊ का?"

"नक्को अम्मा," डॉक्टर हसले. "ही पुसू द्या. पुढची याच्याहून लहान काढायची आहे."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले अन् मोठ्यानं रडले.