हेल्प मशीनमध्येच आहे

आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे आहेत. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. चारकोपच्या त्या क्लासात आम्ही चौघी बायका, सगळ्या पन्नाशीकडे झुकलेल्या, पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकायला जात होतो. तिघी हौसेने. मंगल मात्र गरजेने. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. गोरेगावच्या एका ऑफिसात तिला घेणार होते, पण या कोर्सचं सर्टिफिकेट आणलं तरच.

*

सरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "डॉक्युमेंटेशन वाचा. या भाषेची सगळी माहिती, सगळी हेल्प तुमच्या मशीनमध्येच आहे."

"मशीनमध्ये कुठे, सर?" मंगलने विचारलं.

"शोधा. शोधल्याशिवाय शिकणार कशा?"

आम्ही शोधलं. सरांच्या मुलीच्या बारशाचे फोटो सापडले. बाळ गोड होतं.

*

एकदा आमची शोभा म्हणाली, "सर, तुम्हीच काढून दाखवा ना."

सर बसले. हे फोल्डर उघड, ते फोल्डर उघड. कपाळावर घाम. शेवटी उठले. "आज नेट बंद आहे. नेट आलं की बघून सांगतो."

"पण हेल्प मशीनमध्ये आहे ना, सर?"

"आहेच. पण ती कुठे आहे, ते नेटवर आहे."

*

शेवटी मंगलनेच काढली. पायथनच्या काळ्या खिडकीत तिने वैतागून 'हेल्प' टाइप केलं. कॉम्प्युटरने लगेच खाली लिहिलं, पुढे कंस घाला. तिने घातले, हवा तो शब्द विचारला, आणि पानंच्या पानं उलगडली.

शोभा म्हणाली, "अगं, खिडकी उघडली की वरच्या ओळीत हेच तर लिहिलेलं असतं. रोज!"

सर म्हणाले, "मला बघायचंच होतं, कोण वाचतं ते."

*

मग त्या पानांतून बाहेर येता येईना. सरांनी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी टेबलाखाली वाकले आणि प्लग काढला.

"ही प्रोफेशनल पद्धत," म्हणाले.

आम्ही वहीत उतरवून घेतलं.

*

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या. मंगलने प्रोग्राम लिहिला, चालवला, सेव्ह केला. मॅडम म्हणाल्या, "आता हेल्प उघडा." तिने उघडली.

"वा. बऱ्याच जणांना सापडतच नाही. आता यातून बाहेर या, की झालं."

मंगल शांतपणे टेबलाखाली वाकली आणि तिने प्लग काढला.

मॅडम विझलेल्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. "हे कोणी शिकवलं?"

"सरांनी," मंगल म्हणाली. "वहीत आहे, मॅडम. दाखवू?"

मॅडमनी तिच्या कागदावर 'पास' लिहिलं, सही केली. मग वाकून स्वतः प्लग लावला आणि दाराशी उभ्या सरांकडे खुर्ची फिरवली.

"या सर, बसा. आता तुम्ही."