दहाव्या माणसाची वाट

नाथनकाकांना जगाची भारी माहिती. जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी केली, तेव्हा ज्या देशाचा कंटेनर येई त्या देशाची एखादी अजब गोष्ट ते शोधून काढत आणि घरी आल्यावर चहाच्या आधी झिल्पाकाकूंना सांगत. काकू गेल्या आणि सांगायला कोणी उरलं नाही.

आज काकूंचं वर्ष होतं. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांच्या रीतीप्रमाणे मृताच्या नावाने सिनेगॉगमध्ये कद्दिशची प्रार्थना म्हणायची, तर आपल्यातले दहा पुरुष हजर लागतात. आता पनवेलमधली निम्मी घरं इस्राएलला गेलेली. काकांनी फोन करकरून माणसं जुळवली होती. त्यांच्यासकट नऊजण बाकांवर बसले होते. पुतण्या अवीव तेवढा यायचा होता. सूर्य मावळला की दिवस संपणार.

"नाथन, किती वेळ?" हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणाले.

"येईलच. तोवर ऐका. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"मला एकच आहे, आणि त्याच्या गोळीची वेळ झाली."

सगळे हसले. वरच्या, बायकांच्या सज्जातून काकांची बहीण हदास म्हणाली, "आम्ही दोघी कधीच्या बसलोय. आम्हाला धरलं असतं तर एव्हाना घरी गेलो असतो!"

काकांनी अंगणात जाऊन अवीवला पुन्हा फोन लावला. या खेपेला त्याने उचलला.

"काका, मी नाशिकला आहे. काकूचं वर्ष पुढच्या आठवड्यात ना?"

"ते इंग्रजी तारखेने! आपल्या हिब्रू पंचांगाने आज आहे."

"पण तुम्ही नुसतं म्हणालात, काकूच्या वर्षाला ये."

खरं होतं. दुनियेभरचं सांगणाऱ्या माणसाने तारीख तेवढी सांगितली नव्हती. काकांनी विचुंब्याच्या एका ओळखीच्याला फोन केला, तर त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्याचा फोन बंद.

फाटकाशी त्यांचा रोजचा रिक्षावाला, सुकापूरचा हरेश उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"काका, मी बसू का आत? टोपी घालतो. कोनाला कलनार नाय."

"झिल्पाला कळेल रे," काका म्हणाले आणि आत वळले.

अवीव येत नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माणसं उठली असती. वाटेने जाणारा आपल्यातला कोणी आत आला तर, एवढ्याच आशेवर ते उभे राहून बोलत सुटले. शार्क मासे झाडांच्याही आधीचे. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी. शुक्र स्वतःभोवती एक गिरकी घेतो, तेवढ्यात त्याचं अख्खं वर्ष उलटून जातं.

"इतका सावकाश फिरतो तो," काका म्हणाले, आणि त्यांना पुढचं काही आठवेना.

कोणी हसलं नाही. खिडकीवरचं ऊन कधीच गेलं होतं. हजानांनी पुस्तक उघडलं आणि हलकेच म्हटलं, "नाथन, कद्दिश सोडून बाकीचं म्हणू या."

प्रार्थना लवकर आटोपली. एकेकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चपला घातल्या. हदास खाली आली.

"दादा, चल घरी."

"थांब ग. अजून उजेड आहे."

हदासने बाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते.