डाव्या हाताचं मंगळसूत्र

"ये लकीर देखो साब. इसके उधर आपका सीपी-बेरार, इधर हमारा निजाम. अब बोलो, तंबू किधर है?"

सत्यनारायण नावाच्या त्या गृहस्थाने काठीने वाळूत रेघ ओढली होती. आमचा तंबू सरळसरळ त्याच्या बाजूला होता. महाशिवरात्रीची सकाळ, एका धारेपुरतं उरलेलं प्राणहितेचं पात्र, आणि समोरून काळेश्वरच्या यात्रेला निघालेली माणसांची रांग. ऊन चढत होतं. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होतो.

मी तेव्हा अमरावतीच्या एका फिल्म वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह होतो. वितरक म्हणजे निर्मात्याकडून पिक्चर घेऊन थेटरांना चालवायला देणारा. आणि रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे पिक्चरच्या रिळांच्या पेटीसोबत गावोगाव हिंडणारा, पेटीला जपणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. प्रत्येक वितरकाचा इलाखा ठरलेला असायचा, त्याला सर्किट म्हणत. हे इलाखे इंग्रजांच्या काळात पडले ते तसेच राहिले. वऱ्हाड, नागपूर, चांदा म्हणजे सीपी-बेरार. प्राणहितेच्या पल्याड निजाम. हैदराबादचा निजाम जाऊन जमाना झाला होता, पण पिक्चरच्या धंद्यात तो अजून गादीवर होता.

सत्यनारायण हा त्या बाजूच्या वितरकाचा माणूस, म्हणजे माझाच जातभाई. पल्याड काळेश्वरच्या देवळामागच्या तंबूत त्यांचा एक जुना तेलुगू पिक्चर चालू होता. आमच्या पेटीत त्याच गोष्टीवर मद्रासवाल्यांनी काढलेला नवा हिंदी पिक्चर. त्या हिंदी पिक्चरचे निजामचे हक्क त्याच्याच ऑफिसकडे होते आणि तिकडे तो अजून लागायचा होता. म्हणजे आम्ही त्यांच्या घरात शिरून त्यांच्याच चुलीवर भाकरी भाजत होतो.

"शाम तक हटाओ. नहीं तो पोलीस लाके पेटी उठाता. और अमरावती में कंप्लेंट अलग," तो म्हणाला. मग देवळाकडे पाहत घाईने म्हणाला, "अब जाना है. अम्मा को दर्शन कराना है."

तो गेला तसा मी तंबूच्या मालकाकडे वळलो. वामनभाऊ मूळचे वरोऱ्याचे. मंडया, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रा, आणि यात्रा पाहून तंबू टॉकीज फिरवायचे. बायको शांताबाई सिरोंच्याची, तेलुगू त्यांना मराठीइतकंच यायचं. तिकिटाच्या खिडकीत त्याच बसायच्या.

"वामनभाऊ, इथी काऊन ठोकला हो तंबू?"

"सिरोंच्याच्या लोकाइच्या टरबुजाच्या वाड्या पार इथलोक असतेत, साहेब. ज्याची वाडी त्याची वाळू, असं सारे म्हनतेत. मले का मालूम, पिक्चरचा निजाम टरबूज नाई मानत म्हनून?"

मी पाण्यातून अलीकडे आलो आणि सिरोंच्याच्या पोस्टातून अमरावतीला ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेपर्यंत पोस्टाच्या ओट्यावर येरझारा घातल्या. शेठजींनी माझं अर्धंच ऐकलं.

"पेटी परवा शुक्रवारी चंद्रपुरात लागणार आहे. थेटरवाल्याने शहरभर पोस्टर लावले. पेटी जप्त झाली तर तू घरी बस. तंबू गेला खड्ड्यात. आत्ताच्या आत्ता पेटी उचल आणि एसटी धर."

पेटी उचलणं माझ्यासाठी सोपं होतं. पण ही यात्राच वामनभाऊंची खरी कमाई. आणि एकदा का दुसऱ्याच्या सर्किटमध्ये घुसखोरी केल्याची तक्रार अमरावतीला पोचली, की कुठलंही ऑफिस त्यांना पुन्हा पिक्चर देणार नव्हतं. पिक्चर नाही तर तंबू नुसतं कापड. मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. परत येऊन मी शेठजींचा निरोप सांगितला. वामनभाऊ खाली बसले. शांताबाई मात्र उभ्याच राहिल्या.

"पेटी नेता त न्या साहेब. पन तंबू बी घेऊन जा. बिनपिक्चरच्या तंबूत मी का मिरच्या वाळू घालू?"

मी घड्याळ पाहिलं. चंद्रपूरकडे नेणारी आलापल्लीची एसटी सुटायची वेळ झाली होती. ती मी सोडून दिली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. "दिवेलागणीच्या आत सगळं आपल्या काठावर आणा," मी म्हणालो. "एकच खेळ. उद्या पहाटे पेटी माझ्यासोबत."

मग जी धावपळ झाली! बैलबंड्या जुंपल्या, खांब उपटले, पिक्चरचं मशीन गोधड्यांत गुंडाळून पाण्यातून आणलं. एक बंडी ऐन धारेत कलंडली आणि मागची कनात, म्हणजे पडद्यामागचं जाड कापड, चिंब भिजली. ती इतकी जड झाली की उभी करता येईना. शेवटी काठाच्या उतारावर लोक बसवायचे, वर मशीन ठेवायचं आणि खाली पाण्याच्या कडेला पडदा बांधायचा असं ठरलं. पडदा, मशीन, तिकीटखिडकी, सगळं सीपी-बेरारमध्ये. पडद्याची पाठ निजामाकडे, उघडी.

अंधार पडल्यावर खेळ सुरू झाला. आमच्या उतारावर मोजकी माणसं. यात्रा सगळी त्या बाजूला होती. मी पडद्यामागे जाऊन पाहिलं. पाण्यापलीकडे, वाळूत, नजर जाईल तिथवर माणसं बसली होती. पातळ कापडाच्या पडद्यावर मागूनही चित्र दिसतं, फक्त डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होऊन. आवाजाचा कर्णाही पडद्यामागेच टांगलेला. त्यांना सगळं खणखणीत ऐकू जात होतं, तेही फुकटात.

धोतर खोचून, पाणी तुडवत सत्यनारायण आलाच.

"ये क्या लगाया? पूरा निजाम का पब्लिक देख रा!"

"मी एकाला तरी तिकीट विकलं का तिकडे? पडदा आमच्या हद्दीत आहे."

"पडदा आपका, आँखाँ हमारे! फुकट देख लिए तो हमारा पिक्चर कौन देखता? इंटरवल में बंद करो. पोलीसवाला उधर चाय पी रा, बुलाऊँ क्या?"

त्याचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मी उतारावर वरखाली करत राहिलो. मशीनपाशी जायचो, वामनभाऊंचं तोंड पाहायचो, परत यायचो.

इतक्यात पलीकडून हशा पिकला. पडद्यावर हिरो जेवत होता. आमच्या बाजूने पाहिलं तर उजव्या हाताने, मागून पाहिलं तर डाव्या. पोरं ओरडायला लागली, बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग त्याने डाव्या हाताने बापाला पाणी दिलं, देवाला फूल वाहिलं, तेव्हा हसू कमी झालं आणि कुजबुज वाढली.

इंटरवल झाला. दिवे लागले. सत्यनारायण पोलिसाला हाक मारायला वळला, आणि पलीकडून एका म्हातारीचा चढा आवाज आला.

"अय्यो! एडम चेत्तोना?"

"का म्हनून राह्यली ते?" वामनभाऊंनी विचारलं.

शांताबाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. "म्हने, डाव्या हातानं? गोष्ट त साऱ्याइले पाठ हाय. इंटरवल झाला का हिरोचं लगन लागते. म्हातारी म्हनते, शिवरात्रीच्या दिवशी डाव्या हातानं बांधलेलं मंगळसूत्र मी पाहनार नाई. सुलट्या बाजूनं पाहीन, नाईतर उठून जाईन."

आणि म्हातारी उठलीच. लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली.

"अम्मा!" सत्यनारायण किंचाळला. पोलीस राहिला बाजूला. धावत जाऊन त्याने तिचा हात धरला. धार जोरात होती. तो तिला मागे ओढत होता आणि ती त्याला पुढे. शेवटी तीच जिंकली. तिच्यामागून एक बाई उतरली, मग दोघी, मग घरंच्या घरं. चपला हातात, लेकरं खांद्यावर. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. जानवसा सोडून वऱ्हाडी मांडवाकडे निघावेत तशी ती माणसं आमच्या काठाला लागली.

शांताबाई खिडकीत जाऊन बसल्या. पहिली आली म्हातारी, हातात लेकाचं मनगट.

"दोन," शांताबाईंनी तिकिटं फाडली.

सत्यनारायणने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आई तेलुगूत काहीतरी करवादली. त्याने खिशात हात घातला आणि दोन्ही तिकिटांचे पैसे मोजून दिले.

लग्न लागलं. हिरोने उजव्या हाताने मंगळसूत्र बांधलं आणि उतारावर बसलेल्या बायांनी यात्रेत घेतलेली फुलं पडद्यावर टाकली. वामनभाऊ मशीनच्या मागे उभे राहून डोळे पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले, धूर गेला.

खेळ संपल्यावर सत्यनारायण माझ्याजवळ आला. मी तयारीतच होतो.

"ये बात ऑफिस में मत बोलो," तो हळूच म्हणाला. "मैं टिकट लेके देखा करके मालूम हुआ तो मेरा नौकरी जाता."

शुक्रवारी पेटी चंद्रपुरात वेळेवर लागली. तक्रार अमरावतीला कधी आलीच नाही आणि वामनभाऊंना ऑफिसने पुढच्या मंडईचा पिक्चरही दिला. शेठजींनी एवढंच विचारलं, "काठावर आणून मिटवलंस म्हणे? कसं काय?" मी म्हणालो, समजुतीने.

पुढे नोकरीत सर्किटच्या हद्दीचे बरेच तंटे पाहिले. लोक नकाशे आणायचे, वकील आणायचे, वाळूत रेघा ओढायचे. मी मात्र भांडायला बसण्याआधी एकच चौकशी करायचो. समोरच्या माणसाची आई कुठे बसली आहे?