आत्मनिवेदनाच्या तीन ओळी

ये गं, अशी जवळ सरक. दारापाशी पाहुण्यासारखी काय बसलीस? आणि कॉलेजात मानसशास्त्र घेतलंस हे मला तुझ्या बापाकडून कळावं? आत्याला सांगायला तोंड दुखत होतं का? असू दे. घेतलंस ते बरं केलंस. पण मग हे ऐकून ठेव. तुझ्या बापालाही मी पुरतं सांगितलेलं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नाशकात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि बी.ए.ला मानसशास्त्र शिकायचे. पेठकडच्या आपल्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या दिवशी प्रॅक्टिकलचा तास होता. मला वर्गासमोर स्टुलावर बसवलेलं. मॅडम एक शब्द म्हणणार, मनात पहिला येईल तो शब्द मी म्हणायचा, आणि माझी जोडीदारीण केतकी स्टॉपवॉच दाबणार.

"सुट्टी."

"छाटणी."

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला जायचे. दुसरं काय आठवणार? मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली.

"वाढदिवस."

"गुरुजी."

सगळा वर्ग हसला. केतकी तर इतकी हसली की घड्याळ दाबायचं विसरली. मॅडम हसल्या नाहीत. ते जास्त वाईट. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: अधिकारी व्यक्तीची भीती. त्याखाली: वंचित पार्श्वभूमी. मग म्हणाल्या, "केस इंटरेस्टिंग आहे. उतरवून घ्या." चाळीस पेनं चालायला लागली. माझ्याबद्दल. मी तिथंच, स्टुलावर.

गुरुजी का म्हणालीस, हे कुणी विचारलं नाही. एकीनंही.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "ए सब्जेक्ट, डबा आणलास का?" "सब्जेक्टला पाठवा पुढं, जागा धरेल." प्रेमानं म्हणायच्या हं. केतकी तर खांद्यावर हात टाकून म्हणायची.

प्रॅक्टिकलची रीत तुला माहीत असेल. दोघींची जोडी. एक प्रयोग घेणारी, एक सब्जेक्ट, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. मग अदलाबदल. आमची अदलाबदल कधी झालीच नाही. आरशात बघून चांदणी गिरवणारी मी, डोळ्याला पट्टी बांधून घेणारी मी. पाळी मागितली की केतकी म्हणायची, "अगं, तुला ते घड्याळ नाही जमायचं. पडलं तर मॅडम मला बोलतील." मग माझ्या जर्नलात मी तिचेच आकडे थोडे फिरवून उतरवायचे. मीही खोटंच करत होते. ते लपवत नाही.

आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी असायचं आत्मनिवेदन. प्रयोग करताना आपल्याला काय वाटलं ते सब्जेक्टनं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. पुस्तकात तसं. कॉलेजात मात्र तीन ओळी ठरलेल्या. "प्रयोग करताना मला आनंद वाटला. सूचना नीट समजल्या. कसलाही ताण आला नाही." सगळ्या मुली सगळ्या प्रयोगांना हेच लिहायच्या. केतकीच्या जर्नलात मीसुद्धा वर्षभर हेच लिहीत आले.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा केतकीनं त्या शब्दांच्या प्रयोगाचं पान पुढं केलं. "लिही पटकन, रिक्षा थांबलीय." मी 'प्रयोग करताना मला' एवढं लिहिलं आणि हात चालेना. वर तिच्या सुंदर अक्षरात निष्कर्ष होता. अधिकारी व्यक्तीची भीती. खाली लाल शाईची रेघ मारलेला.

मग लिहिलं. अजून पाठ आहे. "प्रयोग करताना मला लाज वाटली. माझा जन्म कोणत्या दिवशी झाला ते घरात कुणाला माहीत नाही. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिला. म्हणून वाढदिवस म्हटल्यावर गुरुजी आठवले. मी गुरुजींना भीत नव्हते. निष्कर्ष चुकीचा आहे."

केतकी रडायलाच लागली. रडत रडत मॅडमकडे.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. "तिचं जर्नल खराब केलंस. असं लिहितात का?"

"आत्मनिवेदन आहे मॅडम. माझं आहे."

"हे पान फाड. नव्यानं नीट लिहून दे. नाहीतर तुझ्या जर्नलवर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं, की वसतिगृहातली खाटही गेली. हे मला माहीत, त्यांनाही माहीत. बाई वाईट नव्हत्या गं. थंडीत मला स्वेटर दिला होता त्यांनी. पेन पुढं धरून थांबल्या होत्या. एकदा हात पुढं गेलासुद्धा. आणि मनात आलं, आता मी पान फाडलं तर भ्यायलेच म्हणायची. मग फळ्यावर लिहिलेलं खरं ठरेल. मीच खरं करून दिलेलं.

"नाही लिहिणार," म्हटलं.

पान केतकीनंच फाडलं. दुसऱ्या एका मुलीनं तीन ओळी लिहून दिल्या. माझ्या नावानं.

मी पत्र्याची पेटी उचलली आणि यष्टीनं थेट बागेत गेले. सगळं ऐकून आईनं विचारलं, "तीनच वळी व्हत्या ना?"

"व्हय."

"मंग?"

"खोट्या व्हत्या."

आईनं हातातला घड पाटीत ठेवला. मग म्हणाली, "लय माज केलास." आणि कात्री हातात दिली. तिचंही काय चुकलं?

पदवी राहिली ती राहिलीच. मिळाली असती तर बरं झालं असतं, उगाच नाही कशाला म्हणू? पण मन ठिकाणावर येईना. घड तोडताना डोकं त्या जर्नलात. नाशकातल्या रस्त्यावरून मानसशास्त्राची जुनी पुस्तकं आणून वाचत सुटले. निम्मं कळायचं नाही. परत वाचायचे. अजून वाचते.

आता दर हिवाळ्यात शहरातली पोरं पाहणीसाठी छापील प्रश्न घेऊन पाड्यावर येतात. बायांचं अर्धं ऐकतात, उरलेलं आपणच भरतात, अंगठा घेतात आणि जातात. गेल्या खेपेला मी गावात नव्हते. यंदा मी ओट्यावर बसणार आहे. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय एकही अंगठा लागणार नाही. चुकलं असेल तर तिथंच खोडायचं, जिचं मन आहे तिच्यासमोर. नाहीतर कोरे कागद घेऊन परत जा. माजोरी म्हणतील. म्हणू देत.

एवढंच, की इंग्रजीतले कागद मला उलगडत नाहीत. तिथं अडते, ते तू वाचून सांगायचे. म्हणून म्हणते, फार दिवस लावू नकोस. पुढच्या शनिवारी ये. मुक्कामालाच ये.