अमडापूरची बर्मीण

माझ्या काकाची बायको ब्रह्मदेशातली होती. मी हे सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरात ते कुणी कधी सरळ म्हटलं नाही. ‘अर्जुननं आणलेली’, ‘मागल्या खोलीतली’, ‘बर्मीण’, असं काहीही चालायचं. बायको हा शब्द तेवढा कुणाच्या तोंडून निघत नसे. मी तिला खिनकाकू म्हणत असे, आणि त्यासाठी आईच्या हातचे धपाटेही खाल्ले आहेत.

अर्जुनकाका माझ्या वडिलांचा, उकंडरावांचा, धाकटा भाऊ. शेतीत जीव रमेना म्हणून तरुणपणीच घर सोडून गेला आणि रंगूनला एका भाताच्या गिरणीत कारकुनी करू लागला. अडतीस साली तिकडे हिंदी लोकांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा जीव मुठीत धरून कलकत्त्याच्या बोटीत बसला. बरोबर ही होती. खामगावपर्यंत आगगाडीनं आणि पुढं दोन बैलांच्या दमणीनं दोघं अमडापूरला पोचले. इकडे माझ्या आजीनं, मनकर्णाबाईनं, चिखलीकडची एक मुलगी त्याच्यासाठी हेरून ठेवली होती. दमणीतून मुलाच्या मागोमाग ठेंगणी, गोल चेहऱ्याची, गालांना चंदनासारखं काही फासलेली बाई उतरताना तिनं पाहिली, आणि दारातच उभी राहिली. ओवाळायला तबक आणा असं काही तिनं म्हटलं नाही.

खिनकाकूनं मात्र अंगणातल्या मातीत गुडघे टेकले, हात जोडले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. आमच्याकडच्या कुठल्या सुनेनं सासूला इतका खाली वाकून नमस्कार केल्याचं मला तरी आठवत नाही.

आजी तिच्याशी बोललीच नाही. काकाला म्हणाली, "लगन कुठी लागलं तुयं? अक्षता कोणं टाकल्या?"

काका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. खिनकाकूला सवाल अंदाजानं कळला असावा. रंगूनच्या बाजारात शिकलेल्या मोडक्या हिंदीत तिनंच उत्तर दिलं, "एक थाली में खाया. मेरे माँ-बाप के सामने, सब गाँव के सामने." आणि मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या मुलखात ना भटजी लागतो ना मंगलाष्टकं. चारचौघांदेखत दोघं एका ताटात जेवली, एका घरात राहू लागली, की ती नवरा-बायको. तिच्या दृष्टीनं तिनं लग्नाचा सगळ्यात मोठा पुरावा दिला होता.

"एका ताटात तर माह्या घरचे पोट्टे बी जेवते," आजी म्हणाली. जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आपलं बोलणं सगळ्यांना आवडलं असं वाटून खिनकाकूही त्यांच्याबरोबर हसली. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिला गोठ्याला लागून असलेली मागची खोली मिळाली. मुख्य घरातली चूल, माठ आणि देवघर तिला बंद. काका म्हणाला, "पुढच्या लगनसराईत चार भटजी बोलावतो, अक्षता टाकून घेतो, मंग कोनाची बोलाची हिंमत हाय?" लगनसराई आली आणि गेली. पुढची आली. काका मनानं वाईट नव्हता. बायकोसाठी खामगावहून तांदूळ आणायचा, तिच्यासाठी दोरावर गोणपाट टाकून मोरीला आडोसा करायचा. पण आईपुढं उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. अशा भल्या माणसांनी बायकांचं जितकं वाटोळं केलं आहे, तितकं दुष्टांनाही जमलेलं नाही, हे माझं पक्कं मत आहे.

खिनकाकूच्या चुका गावभर झाल्या. तिकडच्या रीतीप्रमाणं ती छातीशी लुंगी गुंडाळून भर उजेडात विहिरीवर अंघोळ करू लागली, तेव्हा गडीमाणसं बादल्या टाकून पळाली. दुपारी ओट्यावर बसून तिनं बोटभर जाडीची चिरूट पेटवली. आमच्या शेतातल्या बाया बिड्या ओढतच होत्या, पण ती पाटलाच्या घरची म्हणून गहजब. एका बाजाराच्या दिवशी तर ती परसातल्या मिरच्या टोपल्यात घालून बाजारात जाऊन बसली आणि सगळ्या विकून आली. ब्रह्मदेशात बाजार बायकांचाच असतो, विकणारी बाई म्हणजे घरची लक्ष्मी. वडिलांनी त्या दिवशी टोपलं लाथेनं उडवलं.

एकदा चूक कळली की ती पुन्हा करत नसे. चिरूट सुटली, लुंगी सुटली. नऊवारी नेसायला ती माझ्याकडून शिकली, ज्वारीची भाकरी थापायला स्वतःहून. पहिल्या भाकऱ्या काठाला फाटायच्या, पुढं पुढं माझ्या आईपेक्षा पातळ होऊ लागल्या. आईला तेही खुपलं. भात मात्र तिला हवा असे. काकानं आणलेला तांदूळ शिजला की आजी मोठ्यानं म्हणायची, "रोजचा सन हाय का हिच्या घरी?" मग तिनं भातही सोडला. बोलायला लागली तीही अस्सल वऱ्हाडी, ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ सकट.

हे सगळं तिनं एका गोष्टीसाठी केलं. या घरानं आपल्याला अर्जुनची बायको म्हणावं. दुसरं काही तिनं मागितल्याचं मला माहीत नाही.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या, म्हणजे गौरी. त्यांच्या जेवणाला सवाष्णी मोजून लागतात. एका वर्षी ऐनवेळी एक सवाष्ण तापानं आडवी झाली. खिनकाकू न्हाऊन, कपाळभर कुंकू लावून मागच्या दारात तयार उभी होती. आजीनं तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खेड्याला गाडी धाडून विमलबाई नावाची दूरची नातेवाईक आणवली. ती येईपर्यंत पानं वाढून ठेवलेली, आमटीवर साय धरली. खिनकाकू तशीच उभी होती.

बांगड्यांचं तेच. आमच्या गल्लीत बांगड्या भरायची शाहजादी, फकीर मोहम्मद मन्याराची बायको. खिनकाकूनं तिच्यापुढं हात केला तेव्हा शाहजादी अवघडली. "बाई, नव्या सुनेचा पैला हिरवा चुडा सासूच्या सांगन्याबिगर भरत नाई आमी," ती म्हणाली. "माहं पोट याच घरावर हाय." तिचंही खरं होतं. मग काकानं एकदा कापसाच्या गाडीबरोबर तिला खामगावला नेलं आणि तिथं दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या. घरी येताच ती धावत आजीकडे गेली आणि दोन्ही हात पुढं केले.

आजी तांदूळ निवडत होती. "बांगड्या बजारात भेटते," ती मान वर न करता म्हणाली. "सासर नाई भेटत."

तरीही त्या बांगड्या तिनं जपल्या. एखादी पिचली की खामगावला जाणाऱ्याबरोबर तशीच दुसरी मागवायची.

मग एका उन्हाळ्यात गावात पटकी आली आणि काका सकाळी आजारी पडून दुसऱ्या सकाळी गेला. खिनकाकूनं एकटीनं त्याची घाण काढली. आम्हाला कुणाला मागच्या खोलीकडे फिरकू दिलं नव्हतं.

मयताला माणसं जमली. चिखलीचे किसनराव मामा वडिलांना हळूच म्हणाले, "त्या बाईच्या पोटापान्याचं काई पाहा लागंन." वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "कायचं पोटापानी? लगन कुठी झालं व्हतं? अक्षता पडल्या नाई, होम झाला नाई. वावरात तिचा काडीचा हक नाई." ती भिंतीपलीकडेच होती. तिनं ऐकलं असणारच.

आणि प्रेत उचलायच्या आधी आजी चार बाया घेऊन मागच्या खोलीत शिरली. सोबत माझी आई शालूबाई, हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा. मी दाराशी होते.

"हात पुढं कर," आजी म्हणाली. "नवरा गेला तुया, रांड झाली तू. बांगड्या फोडा लागते. कुकू पूस."

खिनकाकू रडून रडून सुजली होती. तिनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि आमच्याच बोलीत, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "मी तुमच्या लेकाची बायको कवा होती?"

आजीनं पुन्हा तिच्या हातांकडे बोट दाखवलं.

"महालक्ष्म्याईले नव्हती. चुलीपाशी नव्हती. आत्ता भासरे, तुमचे मोठे लेक, म्हनते, वावराले बी नाई. मंग रांड कशी झाली मी? काऊन आल्या तुमी फोडाले?"

आई पुढं झाली तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. प्रेत खोळंबलं होतं, बाहेरून हाका येत होत्या. बायांनी ओढाताण करायला नको म्हणून काढता पाय घेतला. वडील म्हणाले, नंतर बघू.

नंतर बघायला ती राहिली नाही. काकाला नेल्यावर तिनं एक गाठोडं बांधलं, मला जवळ घेतलं, आणि भर दुपारी, कपाळाला कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या, गावाच्या मधल्या रस्त्यानं खामगावकडे चालू लागली. ओट्याओट्यांवर बाया उठून आत गेल्या. पुढं कुणी म्हणे ती जलंब स्टेशनावर दिसली, कुणी म्हणे कलकत्त्याला गेली. तोवर रंगूनवर बॉम्ब पडले होते, बोटी बंद होत्या. जायला तिला जागाच नव्हती.

आजी त्यानंतर पुष्कळ जगली. कुणीही ओट्यावर टेकलं की मांडी थोपटून सांगायची, "माह्या अर्जुनची रांड बांगड्या घालून गेली, बाई." माझ्या अर्जुनची, असं तिनं खिनकाकूला म्हटलं ते एवढंच.