आठवडाभराचा बोध

शेवट ओळखून दाखवा! लाईनीत उभं राहून लोकांना पिच्चरचा शेवट फोडणारा मी, पण ह्याचा शेवट मलाबी आधी कळला नाय. आम्ही चौघं म्हातारे शुक्रवारी पिच्चरला जातो. मी, सुरगाण्याचा जीपवाला चिंधूनाना, गंगापूर रोडचे रिटायर गुरव सर आन् टेलर युसूफभाई. चौघं जमलो की किस्से साठतात, सीटखाली शेंगांची टरफलं साठावी तसे!

*

सुरुवात नानानं केली. हिरो बापाच्या खुन्याला माफ करतो, असा पिच्चर. नाना बाहेर येऊन ढसाढसा रडला. म्हणला, "त्यो एवढं शिकला, आन् आपण नुसते पॉपकॉर्न खाऊन घरी?"

मग नियम ठरला. पिच्चर सुपरहिट असो नायतर डब्बा, त्याचा बोध आठवडाभर पाळायचा. जो मोडंल त्यानं पुढच्या पिच्चरला बाहेर पायरीवर बसायचं, बाकीच्यांची हेल्मेटं सांभाळत.

*

सरांनी लगेच शेजाऱ्याला माफ केलं. तो रोज त्यांच्या गेटपुढं गाडी लावायचा. बेल वाजवून सर म्हणले, "मी तुम्हाला माफ केलंय."

"कशाबद्दल?"

सरांनी सांगितलं. अर्ध्या तासात पोलीस आले! पुढच्या शुक्रवारी सर पायरीवर.

*

मग मुक्या जनावरांवर माया करायचा पिच्चर आला. नानाच्या एका चपलेवर कुत्रं झोपलं. नाना त्याला उठवीना. एक पाय अनवाणी, तशीच जीप चालवत घरी! बायको म्हणली, "माझ्यावर केली का कधी एवढी माया?"

नाना म्हणतो, "तुझा पिच्चर कुठं आलाय अजून!"

*

हे सगळं ऐकायला युसूफभाईची जमिलाभाभी टपलेली असायची. पिच्चरची लय वेडी, पण वर्षभर खाटंवर. तीच भाईला ढकलून पाठवायची. घरी जाऊन भाई अख्खी गोष्ट करून दाखवायचा, गाण्यासकट, फायटिंगसकट. एकदा उशी फाटली!

मागं डॉक्टर भाईला बाजूला घेऊन म्हणले, "आता औषधं थांबवा. आवडतं ते खाऊ घाला."

भाईनं भाभीला सांगितलं, "डॉक्टर लय खूश हाय. गोळ्या बंद केल्या!"

*

त्यात तो पिच्चर आला. हिरोचं घर जातं, पोरगं जातं, पण गडी खोटं बोलत नाय. मी सरांना विचारलं, "नवीन टोपीत कसा दिसतो?"

"बँडवाल्यासारखा!"

भाई हसला नाय.

नाना आन् मी संत्री घेऊन भाभीला बघायला गेलो. तिनं विचारलं, "ह्या आठवड्याला काय बोध?" नाना बोलून गेला.

भाभी उठून बसली. भाईचा हात धरला. "मतलब, आता तुम्हाला खोटं बोलता येत नाय. सांगा, मी ईद बघेन का?"

ईद लय लांब होती. नाना पंख्याकडं बघाया लागला.

"बघशील की," भाई म्हणला. "बिर्याणी तूच करशील."

भाभी अशी हसली! त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

*

शुक्रवारी नवा पिच्चर लागला. भाभीचा सकाळपासून धोशा, "जाओ, नीट बघून या. काही सोडायचं नाय."

भाई आला. आमची हेल्मेटं मागून घेतली आन् पायरीवर बसला.

"चला हो आत," सर म्हणले.

"नाय सर. नियम म्हणजे नियम."

मधीच मी लघवीला बाहेर आलो. भाई हेल्मेटं कवटाळून, बंद दाराला कान लावून उभा. मला बघून बोट ओठावर ठेवलं.

"श्श! आप्पा, हिरोईन रडली ना आत्ता? कोणासाठी?"